इनामगावचे शेतकरी माळव्यातून आले का?

उज्जैनच्या पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवर, छोट्या काळीसिंध नदीच्या काठी कायथा नावाचं गाव आहे. वराहमिहिराचं कपित्थ ते हेच, असं इकडचे लोक सांगतात. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत मात्र कायथा पोचलं ते गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडामुळे. भीमबेटकाची चित्रं जगापुढे आणणारे उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर, म्हणजे हरिभाऊ, यांनी १९६०च्या दशकात हे टेकाड हुडकून तिथं उत्खनन केलं. पाठोपाठ पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर आले. सगळ्यांत खालच्या थरात इ.स.पू. २४००च्या सुमाराची ताम्रपाषाणयुगीन वस्ती निघाली. तिला या गावाचंच नाव मिळालं. तिच्यावर राजस्थानातल्या आहाडशी नातं सांगणारा थर होता, आणि त्याहीवर माळवा संस्कृतीचा. पिवळसर-नारिंगी अंगाची आणि त्यावर काळी नक्षी असलेली भांडी ही या माळवा थराची ओळख.

याच धाटणीची भांडी नर्मदेकाठच्या नावडातोलीत सापडतात, प्रवरेकाठच्या दायमाबादला सापडतात, आणि इ.स.पू. १६००च्या आसपास शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावलाही दिसू लागतात. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं इनामगाव हंगामामागून हंगाम खणून काढलं. माळव्यातले शेतकरीच दक्षिणेकडे सरकत भीमेच्या खोऱ्यात उतरले, असा ढवळीकरांचा निष्कर्ष होता. तो पटण्यासारखा आहे, पण भांड्यांवरून एवढंच कळतं की घडवण्याची रीत पोचली. रीत माणसांबरोबर पोचते, बाजारातून पोचते, सुनेच्या माहेराहून पोचते, आणि कधीकधी शेजारगावचं पाहून इथलाच कुंभार ती उचलतो. माणसं आली की नुसती रीत आली, हे विचारायचं तर हाडांनाच विचारायला हवं.

हा एक प्रश्न हाताशी धरून प्राचीन डीएनएचं विश्लेषण कसं शिकतात ते पाहू. प्रश्नाशिवाय हा विषय शिकायला बसलं की आज्ञावल्या पाठ होतात आणि हाती काही लागत नाही.

आधी हाडाबद्दल. जिवंत पेशीत डीएनएची सतत डागडुजी चालू असते. माणूस गेला की ती थांबते आणि पाण्यामुळे साखळी तुटायला लागते. तुटण्याचा वेग तापमानावर ठरतो. कर्कवृत्ताच्या शेजारी वसलेल्या उज्जैनला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जूनअखेर काळी माती चिंब होते. तीन-चार हजार वर्षं हे चक्र फिरल्यावर उरतात ते जेमतेम तीस ते सत्तर अक्षरांचे तुकडे, तेही थोडके. उत्तराखंडात पाच हजार मीटर उंचीवरच्या रूपकुंडातून ३८ जणांचा डीएनए मिळाला आणि २०१९मध्ये तो प्रसिद्ध झाला, त्यात थंडीचा वाटा मोठा. त्या ३८ जणांत २३ दक्षिण आशियाई वंशाचे, १४ पूर्व भूमध्य भागातले आणि एक आग्नेय आशियाई निघाला. शिवाय रेडिओकार्बन कालमापनातून दिसलं की भूमध्य गट दक्षिण आशियाई गटापेक्षा सुमारे हजार वर्षांनी उशिरा तिथं मरण पावला. एकाच तळ्यातली हाडं एकाच घटनेतली असतीलच असं नाही. त्यामुळे जमेल तिथं प्रत्येक नमुन्याचं वय स्वतंत्र मोजावं, असा धडा त्यातून घ्यायचा.

गरम प्रदेशात आशा असते ती कवटीच्या एका छोट्याशा भागावर. आतल्या कानाला वेढणारं हे हाड शरीरातल्या सगळ्यांत घट्ट हाडांपैकी आहे. इतर हाडांत काही न उरलेल्या सांगाड्यातही या हाडात डीएनए टिकलेला असू शकतो, हे २०१४-१५च्या सुमारास ध्यानात आलं आणि या क्षेत्राचा वेग एकदम वाढला. हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीचा शोधही याच हाडानं साधला. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे, लखनऊच्या बिरबल साहनी संस्थेचे नीरज राय आणि हार्वर्डमधली डेव्हिड राइख यांची प्रयोगशाळा यांनी मिळून ६१ नमुने तपासले. त्यांतला एकच कामाचा निघाला, एका बाईचा. आय६११३ हा तिचा क्रमांक. तिच्याही हाडाच्या भुकटीतून शंभराहून जास्त वेळा डीएनए पकडण्याची खटपट करावी लागली.

प्रयोगशाळेचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो उज्जैनला घरी बसून शिकण्यासारखा नाही. लखनऊच्या बिरबल साहनी संस्थेत किंवा हैदराबादच्या सीसीएमबीत आहेत तशा बंदिस्त खोल्या लागतात. तिथं आतली हवा बाहेर ढकलली जाते, ओटे ब्लीचनं पुसतात, अतिनील दिवे लागतात आणि माणूस नखशिखान्त झाकलेला असतो. हाड कोरून काही मिलिग्रॅम भुकटी काढतात, त्यातला डीएनए वेगळा करतात आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना ओळखीचे कृत्रिम तुकडे जोडतात. मानवी डीएनए बहुधा एक टक्काही नसतो, बाकी सगळा मातीतल्या जिवाणूंचा. म्हणून मानवी जनुकसंचातल्या सुमारे १२ लाख ४० हजार ठरावीक जागांवरचे तुकडे तेवढे ओढून घेणारी एक युक्ती वापरतात. ही फरकाच्या जागांची यादी या क्षेत्रात इतकी रुळली आहे की पुढची बहुतेक तुलना तिच्यावरच चालते. आणखी एक: कोरलेलं हाड परत येत नाही. तेव्हा ते कोरण्याआधी प्रश्न कागदावर नीट मांडलेला असावा, आणि ते ज्या संस्थेच्या ताब्यात आहे तिची परवानगी असावी.

यानंतरचं सगळं काम संगणकावर होतं, आणि ते कायथ्याच्या पडवीत बसूनही करता येईल. लिनक्सची सवय, थोडी आर किंवा पायथन भाषा, सोळा जीबी स्मृतीचा लॅपटॉप आणि बरं इंटरनेट एवढं भांडवल सुरुवातीला पुरतं. प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचा कच्चा डेटा युरोपियन न्यूक्लिओटाइड अर्काइव्हवर बहुधा खुला असतो. राइख यांच्या प्रयोगशाळेनं हजारो प्राचीन माणसांचा तयार डेटा एकत्र करून ठेवला आहे, तोही मोफत उतरवता येतो. आज्ञावल्याही फुकट आहेत.

कच्चा डेटा म्हणजे कोट्यवधी छोट्या ओळी, ए, सी, जी, टी या चार अक्षरांच्या. पहिलं काम जोडलेले कृत्रिम तुकडे छाटण्याचं. मग तीस अक्षरांहून आखूड तुकडे टाकून द्यायचे. नवख्याचा हात इथं कचरतो, कारण आधीच माल थोडा. पण वीस अक्षरांचा जिवाणूचा तुकडा मानवी जनुकसंचाच्या तीनशे कोटी अक्षरांत कुठंतरी योगायोगानं जुळून जातो, आणि मग आपण कायथ्याच्या मातीला माणूस समजून मोजत बसतो.

पुढे प्रत्येक तुकडा संदर्भ-जनुकसंचात कुठं बसतो ते शोधायचं. त्यासाठी बीडब्ल्यूए ही आज्ञावली वापरतात. तिची नेहमीची मांडणी ताज्या डीएनएसाठी केलेली आहे. तुकड्याची सुरुवातीची अक्षरं जवळपास तंतोतंत जुळली तरच ती पुढे जाते, आणि जुन्या डीएनएत बिघाड नेमका टोकांशी असतो. म्हणून ती अट सैल करावी लागते, आणि शिकवणीच्या टिपणांत हे का करायचं ते फारसं लिहिलेलं नसतं. मग एकाच मूळ रेणूच्या प्रती बाजूला काढून एकच ठेवायची. इथंवरच्या पायऱ्या आपोआप ओळीनं करून देणाऱ्या तयार मांडण्याही मिळतात, पण माझ्या मते पहिला नमुना हातानंच चालवावा. प्रत्येक पायरीनंतर किती तुकडे उरले ते वहीत लिहावं. पाच कोटींचे दोन लाख झाले, तर ते कुठं गेले हे सांगता यायला हवं.

आता जी पायरी येते, तिच्यावर सगळी इमारत उभी आहे. मिळालेला डीएनए खरंच जुना आहे की १९७०च्या दशकात उघड्या हातांनी हाड धुऊन, डिंक लावून, कागदी पाकिटात घालणाऱ्या कुणाचा? मोडी कागदाला लागलेली कसर वाचणाऱ्याला त्रास देते, पण कागद जुना असल्याची साक्षही तीच देते. इथंही तसंच आहे. सी या अक्षराचा जो रेणू, तो काळाच्या ओघात एक अमिनो गट गमावतो आणि यंत्राला तो टी म्हणून दिसतो. हे तुकड्याच्या टोकाशी जास्त घडतं, कारण तिथं साखळीचा एकेरी धागा उघडा पडलेला असतो. त्यामुळे जुन्या डीएनएत तुकड्याच्या एका टोकाशी सीच्या जागी टी, आणि दुसऱ्या टोकाशी जीच्या जागी ए, असे बदल वाढलेले दिसतात. मॅपडॅमेज ही आज्ञावली याचा आलेख काढून देते. दोन्ही टोकांशी उंच आणि मध्ये सपाट अशी रेघ आली तर जीव भांड्यात पडतो. सगळीकडे सपाट आली तर बहुधा आपण उत्खनन करणाऱ्याचाच डीएनए वाचतो आहोत.

एक व्यावहारिक अडचण अशी, की हाच बिघाड पुढे खोटे फरकही दाखवतो. म्हणून प्रयोगशाळेत एका विकरानं आतले बिघडलेले रेणू काढून टाकतात आणि टोकाचं एक-दोन अक्षरांचं नुकसान मुद्दाम ठेवतात: साक्षीपुरतं. विश्लेषणाच्या वेळी ती टोकं छाटायची.

बिघाड दिसला म्हणजे सगळे तुकडे जुने, असं होत नाही. दहा जुन्यांत तीन नवे मिसळले तरी आलेख वर चढतोच. म्हणून भेसळीचा अंदाज वेगळा घेतात. पुरुषाला एक्स गुणसूत्र एकच असतं. त्याच्या नमुन्यात एकाच जागेवर दोन वेगळी अक्षरं वारंवार दिसली तर कुणीतरी दुसरा आत शिरला आहे. आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर हीच तपासणी बाई-पुरुष दोघांसाठी चालते. राखीगढीच्या बाईचा मायटोकॉन्ड्रियाचा गट यू२बी२ निघाला. हा गट मुख्यतः दक्षिण आशियातला. ऐकायला छान वाटतं, पण जरा थांबा. नॉर्वेच्या हाडात असा गट दिसला तर भेसळीचा संशय लगेच येईल. भारतातल्या हाडात मात्र भेसळ करणाराही भारतीयच असतो, आणि त्याच्या मायटोकॉन्ड्रियाचा गट शोभून दिसतो. म्हणून आपल्याकडच्या नमुन्यात संशय आला तर बिघाडाची खूण असलेले तुकडे तेवढे वेगळे काढायचे आणि तेच विश्लेषण त्यांच्यावर पुन्हा करायचं. डेटा रोडावतो. पण दोन्ही उत्तरं सारखी आली तर पुढे जाता येतं.

आता प्रत्येक जागेवर या माणसाचं अक्षर कोणतं ते ठरवायचं. आपल्याला प्रत्येक गुणसूत्र आईकडून एक आणि वडिलांकडून एक असं मिळतं. ताज्या रक्तात प्रत्येक जागा तीस-तीसदा वाचून दोन्ही अक्षरं सांगता येतात. इथं बहुतेक जागा एकदाच वाचलेली असते, पुष्कळ जागा तर एकदाही नाही. म्हणून दोन्ही अक्षरं ओळखण्याचा हट्ट सोडून, त्या जागेवरचा कोणताही एक तुकडा चिठ्ठी टाकल्यासारखा निवडतात आणि तेवढंच अक्षर मांडतात. माणूस अर्धाच नोंदला जातो. पण ही चूक कुठल्या एका बाजूला झुकलेली नसते, आणि लाखो जागांची सरासरी घेताना झुकाव नसणं अचूकतेपेक्षा मोलाचं ठरतं. राखीगढीच्या बाईच्या बाबतीत १२ लाखांपैकी तीसेक हजार जागा हाती आल्या, म्हणजे साधारण अडीच टक्के. या आकड्याकडे पुढे परत यायचं आहे.

मग आपला नमुना तयार साठ्यात मिसळायचा. इथं एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट आठवडे खाते. संदर्भ-जनुकसंचाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत आणि त्यांत जागांचे क्रमांक वेगळे आहेत. एक डेटा जुन्या आवृत्तीवर आणि दुसरा नव्या आवृत्तीवर असेल तर आज्ञावली तक्रार न करता चालते आणि निष्पत्ती मात्र निरर्थक येते.

पहिली नजर टाकायची ती घटक-विश्लेषणाच्या नकाशावर. स्मार्टपीसीए ही आज्ञावली लाखो जागांतल्या फरकांचा निचोड काढून प्रत्येक माणसाला दोन आकडे देते, आणि माणसं कागदावर ठिपके होऊन बसतात. आधी आजच्या लोकांवरून अक्ष ठरवायचे आणि प्राचीन नमुने त्यांवर प्रक्षेपित करायचे. अपुऱ्या डेटाचा माणूस अक्ष ठरवायला घेतला तर तोच नकाशा वाकवतो. भारतीयांचा असा नकाशा काढला की बहुतेक समाज एका लांबट पट्ट्यावर मांडले जातात. २००९मध्ये राइख, कुमारस्वामी थंगराज, लालजी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ समाजांच्या अभ्यासातून याच पट्ट्याचा अर्थ दोन प्राचीन पूर्वजगटांचं कमी-अधिक मिश्रण असा लावला. २०१३मध्ये याच वर्तुळातल्या प्रिया मूर्जानी यांच्या अभ्यासानं ते मिश्रण साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाल्याचं मांडलं. हे सगळं आजच्या लोकांच्या रक्तावरून. म्हणजे आपल्या माळवा थराचा काळ नेमका या मिश्रणाच्या पहिल्या टप्प्यात येतो.

नकाशा सुंदर दिसतो आणि फसवतोही. पट्ट्याच्या मध्यावर बसलेला ठिपका दोन टोकांच्या मिश्रणातून तिथं आला असेल, किंवा कधी न मिसळलेला, दोन्ही टोकांचा जुना नातलग असेल. ठिपक्याकडे पाहून हे सांगता येत नाही. त्यासाठी एफ-४ नावाची चाचणी आहे. शिकणाऱ्यानं सगळ्यांत जास्त वेळ तिच्यावर घालवावा, कारण ती कागदावर हातानं करता येते आणि पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं.

चार गट घ्या: क, ख, ग, घ. एका जागेवर दोन अक्षरं संभवतात, त्यांतल्या एकाचं प्रमाण प्रत्येक गटात मोजा. समजा ते क मध्ये ०.६, ख मध्ये ०.४, ग मध्ये ०.७, घ मध्ये ०.५ आहे. क वजा ख ०.२, ग वजा घ ०.२, गुणाकार ०.०४. दुसऱ्या जागेवर प्रमाणं ०.३, ०.५, ०.२, ०.१ असतील तर गुणाकार उणे ०.०२ येतो. असं लाखो जागांवर करून सरासरी काढायची. क-ख ही जोडी एका फांदीवर आणि ग-घ ही जोडी दुसऱ्या फांदीवर वेगवेगळी वाढली असेल, तर एका जोडीतल्या फरकाचा दुसरीतल्या फरकाशी काही संबंध नसतो. अधिक-उणे एकमेकांना खोडतात आणि सरासरी शून्याजवळ येते. शून्यापासून ती स्पष्टपणे ढळली, तर या जोडीतून त्या जोडीत कुठंतरी देवघेव झाली आहे. स्पष्टपणे म्हणजे किती? त्यासाठी जनुकसंचाचे शेकडो सलग तुकडे पाडतात, एकेक वगळून सरासरी पुन्हा काढतात आणि ती किती हलते ते पाहून चूक ठरवतात. सरासरी या चुकीच्या तिपटीहून मोठी असेल तर तिच्यावर बोलावं, एरवी गप्प बसावं.

सराव म्हणून हे करून पाहा. पहिल्या जागी आफ्रिकेतले म्बुटी, दुसऱ्या जागी गवताळ मैदानातले पशुपालक यमनाया, तिसऱ्या जागी राखीगढीची बाई, चौथ्या जागी पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातले लोहयुगीन लोक. आकडा धन आला, तर स्वातचे लोक राखीगढीच्या बाईपेक्षा यमनायांना जास्त जवळचे. प्रकाशित निष्कर्ष तसाच आहे: त्या बाईत मैदानी पशुपालकांचा अंश नाही, स्वातच्या लोकांत आहे. म्हणजे तुमचं गणित बरोबर, असं वाटेल. पण धन आकडा येण्याचं आणखी एक कारण असू शकतं. त्या बाईत दक्षिण आशियातल्या जुन्या शिकारी-संग्राहकांचा वाटा जास्त आणि स्वातमध्ये कमी असेल, तर स्वातचे लोक आपोआपच पश्चिमेकडच्या कुणालाही जवळचे दिसतील, यमनायांचा एकही पूर्वज नसताना. दोन कारणं, एकच आकडा. एफ-४चा आकडा बरोबर असूनही त्यावरून काढलेली गोष्ट चुकीची असू शकते, आणि इंटरनेटवरचे वंशाभिमानी वाद बहुतेक याच फटीत उगवतात.

दोन कारणं वेगळी करायला क्यूपीअ‍ॅडम ही पद्धत आहे. ती एकाऐवजी अनेक एफ-४ आकडे एकदम जुळवते. तुम्ही सांगायचं: हा नमुना अमुक दोन किंवा तीन गटांच्या मिश्रणातून झाला असं समजा. शिवाय दूरच्या गटांची एक यादी द्यायची, ज्यांचं या संभाव्य पूर्वजांशी असलेलं नातं एकसारखं नाही. आज्ञावली प्रत्येक पूर्वजाचा वाटा टक्क्यांत देते आणि सोबत एक संभाव्यताही. ती ०.०५च्या खाली गेली तर बहुधा मांडणी बाद समजायची. वर राहिली तर ती बाद झाली नाही, एवढंच. खरी ठरली असं नाही. डेटा तुटपुंजा असला की जवळजवळ कुठलीच मांडणी बाद होत नाही, आणि उत्साही माणूस याला यश समजतो. म्हणून प्रतिस्पर्धी मांडण्या आधीच लिहून ठेवाव्यात आणि कोणत्या पडल्या ते तितक्याच ठळकपणे सांगावं.

२०१९मध्ये वाघीश नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी ५२३ नव्या प्राचीन नमुन्यांवर केलेल्या अभ्यासाचा कणा हीच पद्धत. दक्षिण आशियाची मांडणी त्यांनी तीन पूर्वजधारांवर केली: प्राचीन इराणी लोकांशी नातं असलेली, इथल्या जुन्या शिकारी-संग्राहकांची, आणि इ.स.पू. २००० ते १५०० या काळात आलेली मैदानी पशुपालकांची. शिकारी-संग्राहकांच्या धारेचा थेट नमुना हाती नसल्यानं अंदमानच्या ओंगेंना त्यांचे दूरचे नातलग म्हणून वापरलं. राखीगढीच्या शोधनिबंधानं यात भर घातली की तिच्यातली इराणी-सदृश धारा इराणच्या पहिल्या शेतकऱ्यांकडून आलेली नाही. ती शेती सुरू होण्याआधीच वेगळी झाली होती.

आता इनामगावकडे येऊ. तिथली माणसं घराच्या जमिनीखालीच पुरलेली मिळाली. मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले, लहान मुलं तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन मडक्यांत. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन लुकाक्स यांनी त्यांच्या हाडांचा आणि दातांचा बारकाईनं अभ्यास केला आहे. थर तीन: माळवा, पूर्व जोर्वे, उत्तर जोर्वे. समजा माळवा थरातल्या एखाद्या मुलाच्या कानाजवळच्या हाडातून डीएनए निघाला. कोणते प्रश्न विचारता येतील?

मैदानी पशुपालकांचा अंश इ.स.पू. १६००पर्यंत घोड नदीपर्यंत पोचला होता का, हा पहिला. त्यासाठी मांडण्या दोन: राखीगढीसारखा पूर्वज आणि शिकारी-संग्राहक एवढ्या दोघांनी काम भागतं का, की तिसऱ्याची गरज पडते? तीसेक हजार जागा मिळाल्या तरी याचं ढोबळ उत्तर काढता येतं, कारण या धारा एकमेकींपासून पुष्कळ दूर आहेत. अर्थात दोन-पाच टक्क्यांचा वाटा असेल तर तो एवढ्या डेटात लपून जाईल.

दुसरा प्रश्न आपला मूळचा: माणसं माळव्यातून आली का? यासाठी इनामगावचा एक नमुना अजिबात पुरत नाही. माळव्यातल्या माळवा थराची हाडं हवीत, आणि दख्खनमध्ये शेतकऱ्यांच्या आधी राहणाऱ्यांचीही. इनामगावचं मूल पहिल्यांना जवळ आणि दुसऱ्यांपासून दूर निघालं तर ढवळीकरांचं म्हणणं बळावेल. दुसऱ्यांना जवळ निघालं तर भांडी आली आणि माणसं इथलीच राहिली. मधोमध निघालं तर आलेल्यांनी इथं सोयरिकी केल्या, आणि किती पिढ्यांपूर्वी ते मिश्रणातल्या तुकड्यांच्या लांबीवरून काढता येईल, कारण दर पिढीला ते तुकडे आखूड होत जातात. चौथी शक्यता सांगायला कुणाला आवडत नाही: माळव्यातले आणि दख्खनमधले लोक आधीपासूनच इतके सारखे असतील की एफ-४ला त्यांच्यात फरकच सापडू नये. मग डीएनए या प्रश्नावर मुका राहील आणि पुन्हा भांड्यांकडे, बियांकडे आणि दातांतल्या स्ट्रॉन्शियमकडे जावं लागेल.

तिसरा प्रश्न मला स्वतःला सगळ्यांत जास्त खुणावतो. एकाच घराखाली पुरलेली मुलं भावंडं होती का? वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं एक मोठं घर आहे, शेजारी धान्याचं कोठार, आणि अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष. तो गावचा मुखिया असावा असं मानतात. त्याची सत्ता मुलाकडे गेली का, हे त्या घराखालच्या इतर हाडांशी नातं तपासून कळू शकेल. नातं तपासणाऱ्या आज्ञावल्या दोन माणसांची अक्षरं एकाच जागेवर किती वेळा जुळत नाहीत ते मोजतात, म्हणजे ती जागा दोघांचीही वाचलेली असायला हवी. दोन्ही सांगाड्यांतून राखीगढीइतकाच डीएनए निघाला, प्रत्येकी अडीच टक्के, तर दोघांत सामाईक जागा येतील तीसेक हजारांच्या अडीच टक्के, म्हणजे साडेसातशेच्या आसपास. एवढ्यावर सख्खे भाऊ आणि अनोळखी माणसं वेगळी सांगणंही जोखमीचं आहे. बाप-लेक की काका-पुतण्या, हे तर विचारूच नये.